सायलेन्सरवर हात

कन्नड तालुक्यात जुना ट्रॅक्टर घ्यायचा तर पैसे मागाहून जमवले तरी चालतं, आधी आप्पा जमवावे लागतात. गावोगावी एक आप्पा असतातच. स्वतःच्या दारात बैलही नसतो. पण पिशोरपासून घाटाखालच्या चाळीसगावापर्यंत कोणाचं इंजिन कधी खोललं, हे त्यांना तोंडपाठ.

विकणाऱ्याच्या अंगणात रामराम घालायच्या आधी आप्पा सायलेन्सरवर हात ठेवतात. कोमट लागला की संपलं.

"पाव्हणे, आम्ही यायच्या आधीच तापवून ठेवला जणू?"

"पोरगं डेअरीवर दूध घालायला गेलतं."

"चार लिटर दुधाला ट्रॅक्टर?"

थंड इंजिन पहिल्या सेल्फला उठतं का, यातच निम्मा सौदा असतो, हे दोघांनाही ठाऊक. मग धूर. काळा निघाला तर डिझेल नीट जळत नाही, पंप-नोझल बघा. निळा निघाला तर ऑइल जळतंय, इंजिन बांधायला आलं. धूर दिसलाच नाही, तर आप्पांचा संशय सगळ्यात दाट. डिपस्टिकवरचं ऑइल ते बोटावर घेतात, चोळतात, हुंगतात. चाखायचं तेवढं बाकी. दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. तासांच्या मीटरकडे ते बघतही नाहीत. "मीटर बंद पडला म्हणून नांगरट थांबती का?"

खरी मौज हायड्रॉलिकची. रोटाव्हेटर उचलून धरायचा, इंजिन बंद करायचं आणि तो खाली बसतो का ते बघत राहायचं. ही परीक्षा चहाशिवाय होत नाही. रोटाव्हेटर जागचा हलला नाही तर आप्पा दुसरा कप मागवतात.

कागदांपाशी मात्र ही नजर अधू होते. आरसीवर बँकेचा बोजा तसाच असतो, तो उतरवायच्या फॉर्म 35 चा पत्ता नसतो आणि आप्पा म्हणतात, "कागद काय, होतील!" माझ्या मते तपासणी इथूनच सुरू व्हावी. निळा धूर मिस्तरी घालवतो. बोजा उतरवायला आधीच्या मालकाला कर्ज फेडावं लागतं, आणि तो तर इसार खिशात घालून निवांत झालेला असतो.

शेवटी घेणारा विचारतो, "मग घ्यायचा का, आप्पा?"

"तुमच्या मनाला पटत असलं तर घ्या. नसलं तर राहू द्या."

एवढ्यासाठी सकाळपासून गाडी, नाश्ता आणि तंबाखू! पण त्यांनी काढलेल्या खोडींनी भाव पंधरा हजारांनी उतरलेला असतो, म्हणून कोणी कुरकुरत नाही. निघताना विकणारा आप्पांना हळूच बाजूला घेतो.

"आप्पा, तुमचा नंबर द्या. हा गेला की मलाबी एक जुना बघायचाय."