डबाबंदी

उत्सवाच्या मांडवात स्फोट झाला त्या संध्याकाळपासून आजतागायत अधिकारीवर्गाने जी तत्परता दाखविली, तिचे यथोचित कौतुक करावयास अद्याप कोणी पुढे आले नाही, ही गोष्ट आम्हांस कृतघ्नपणाची वाटते. हल्ल्याचा निषेध झाला व तो तीव्र शब्दांत झाला. हल्ला भ्याड असल्याचा निर्वाळा जखमींची मोजदाद होण्यापूर्वीच मिळाला. कोणाचीही गय केली जाणार नाही, असे बजावण्यात आले. आणि शहराने दाखविलेल्या धैर्याबद्दल शहराचे अभिनंदनही, शहर अद्याप रुग्णालयाच्या ओट्यावर आपली माणसे शोधत असता, यथासांग पार पडले. एवढे सारे रीतीप्रमाणे झाले. परंतु रीतीची मर्यादा ओलांडून शासनयंत्रणेने आपली खरी प्रतिभा ज्यात प्रकट केली, तो तिसऱ्या दिवशीचा हुकूम मात्र स्वतंत्र लेखाचा धनी आहे. यापुढे कोणत्याही सार्वजनिक उत्सवाच्या जागी, तसेच मांडवापासून दोनशे मीटरच्या आत, कोणाही इसमाने जेवणाचा डबा बाळगू नये.

हुकुमामागील तर्क निर्दोष आहे. स्फोटक द्रव्य डब्यात होते, आणि ज्याने ते डब्यात भरले तो इसम अनाम, अदृश्य व फरारी असून डबा मात्र दृश्य, धातुमय आणि पलायनाच्या कामी सर्वस्वी असमर्थ आहे. तेव्हा हाती लागलेल्यावर कारवाई करावी, हे कोणत्याही कचेरीच्या परंपरेस धरूनच झाले. पंचनाम्यात त्याचे वर्णन असे आहे की, तीन पुडांचा, अ‍ॅल्युमिनियमचा, कडी तुटलेली, झाकण मिळून आले नाही. हे झाकण न मिळणे तपासाच्या दृष्टीने फारच जिव्हारी लागले असावे, कारण हुकुमाच्या मसुद्यात 'झाकण असलेला अथवा नसलेला' असे शब्द मुद्दाम घातलेले आढळतात. उद्या कोणी झाकण घरी ठेवून उघड्या डब्यात पोहे घेऊन आला आणि कायद्याच्या कचाट्यातून निसटू पाहू लागला, तर त्याची वाट आधीच बंद केलेली आहे.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१, याच्या सदतिसाव्या कलमान्वये शांतता व सुव्यवस्थेसाठी ज्या वस्तू बाळगण्यास मनाई करता येते, त्यांची यादी मोठी रोमहर्षक आहे. तीत सोटे आहेत, तलवारी आहेत, भाले आहेत, बंदुका, सुरे आणि काठ्या आहेत. ती वाचताना पानिपताच्या आदल्या रात्रीची शिरगणती वाचत असल्याचा भास होतो. या क्षत्रिय मंडळीच्या पंक्तीत आता भेंडीची भाजी आणि दोन पोळ्या वाहून नेणारा आमचा डबा मानाने जाऊन बसला आहे. आपल्या आजवरच्या निरुपद्रवी आयुष्यात एवढी प्रतिष्ठा त्याला कधी लाभली नव्हती.

हुकुमाच्या पाठोपाठ, जसे होणे अटळ होते, खुलाशाचे परिपत्रक निघाले. तपकिरीची डबी, पानाचा डबा, कुंकवाचा करंडा आणि प्रसादाची वाटी या वस्तू मनाईच्या कक्षेत येतात किंवा कसे, अशी विचारणा कनिष्ठ अंमलदारांनी केली होती. विचारणा करणाऱ्यांची आम्ही चेष्टा करणार नाही. पिशव्या हुंगण्याचे काम त्यांच्याच नशिबी येते आणि चूक झाल्यास निलंबनही त्यांचेच होते. करंड्यास सूट मिळाली, तपकिरीच्या डबीविषयीचा निर्णय वरिष्ठांच्या विचाराधीन आहे, आणि व्यासपीठावरील निमंत्रितांचा अल्पोपाहार ज्या टेंपोतून येतो त्यातील झाकलेली पातेली 'शासकीय व्यवस्थेचा भाग' असल्यामुळे मनाईच्या बाहेर राहिली आहेत. पातेल्याचे घनफळ डब्याच्या किमान वीसपट असते, हे सांगण्यास भूमितीची गरज नाही. परंतु पातेल्याला राजमान्यता आहे आणि डब्याला नाही.

अंमलबजावणी पाहावी म्हणून आम्ही परवा त्या दोनशे मीटरांच्या रेषेवर जाऊन उभे राहिलो. मांडवाच्या अलीकडे-पलीकडे जी घरे आहेत त्यांतील माणसे संध्याकाळी कामावरून डबा घेऊनच परततात, याचा विचार मसुदा करणाऱ्याने केला नव्हता, किंवा केला असल्यास ती माणसे डबा नेतात ही गोष्ट त्याच्या अनुभवाच्या कक्षेत नव्हती. निळ्या सदऱ्यातील एक कारखान्याचा कामगार आला. हवालदाराने डबा उघडविला. वरच्या पुडात लोणच्याचा डाग, मधल्यात भाताची चार शिते, खालच्यात काही नाही. डबा रिकामा असल्याची दोघांचीही खात्री पटली. परंतु हुकूम डब्यातील वस्तूविषयी नसून डब्याविषयी असल्यामुळे तो चौकीत जमा झाला, नंबर घातलेली चिठ्ठी त्या माणसाच्या हाती आली, आणि आपल्याच घरी तो रिकाम्या हाताने गेला. "सकाळी या, साहेब नसतात पण मी असतो," असे हवालदाराने त्याला जाताना सांगितले, ते मात्र माणुसकीने सांगितले. चौकीत डोकावून पाहिले तो भिंतीशी पन्नासएक डबे एकावर एक रचलेले, जवळ राखणीला कोणी नाही, आणि नेमके त्यांच्या माथ्यावर 'बेवारस वस्तूंपासून सावध राहा' ही पाटी. एखाद्या घातकी इसमास एक्कावन्नावा डबा ठेवावयाचा असल्यास याहून सोयीची जागा शहरात नाही, आणि त्याला वर चिठ्ठीही मिळेल.

आता भांड्यावर दात धरण्याची ही रीत केवळ आमच्याच मुलखाची आहे असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. १९८५ च्या मे महिन्यात दिल्लीत ट्रान्झिस्टरमध्ये बॉम्ब दडवून ठेवण्यात आले, आणि त्यानंतर कितीतरी दिवस बाकावर विसरलेला एखादा गाणारा खोकाही लोकांना यमदूतासारखा दिसे. १९९१ साली लंडनच्या एका स्थानकात कचराकुंडीत स्फोट झाला, तेव्हा तेथील स्थानकांवरून कचराकुंड्याच उचलण्यात आल्या व केळ्याचे साल हातात धरून साहेब घरपर्यंत जाऊ लागला. २००१ साली विमानात एकाने बुटात स्फोटक लपविले, तर त्याचे प्रायश्चित्त म्हणून अमेरिकेच्या विमानतळांवर पुढे कित्येक वर्षे लक्षावधी सभ्य गृहस्थ मोजे दाखवीत रांगेत उभे राहिले. २००६ पासून शंभर मिलिलिटरांहून अधिक पाणी बाळगणारा प्रवासी संशयास पात्र ठरला. परंतु या शास्त्राची खरी कसोटी लागते ती १९०६ सालच्या माद्रिदच्या उदाहरणाने. तेथे राजविवाहाची मिरवणूक चालली असता सज्जातून बॉम्ब फेकण्यात आला, आणि तो दडविला होता पुष्पगुच्छात. वीसहून अधिक माणसे मेली. आमच्या अधिकाऱ्यांची न्यायबुद्धी प्रमाण मानावयाची, तर त्या क्षणापासून पृथ्वीतलावरील यच्चयावत पुष्पगुच्छ गुन्हेगार ठरावयास हवे होते. पण पुष्पगुच्छावर बंदी घालण्याची छाती कोणाची आहे? पुष्पगुच्छ गेला की उद्घाटन गेले, उद्घाटन गेले की छायाचित्र गेले, आणि छायाचित्र गेल्यावर उत्सवास येण्याचे पाहुण्यांना कारण ते काय उरले? डबा आणणारा माणूस व्यासपीठावर बसत नाही. गुच्छ घेणारा बसतो. बंदी कोणत्या भांड्यावर पडावी याचा निर्णय भांड्याच्या धोक्यावरून होत नसून त्याच्या धन्याच्या योग्यतेवरून होतो, हे एकदा ध्यानी घेतले म्हणजे परिपत्रकातील एकही ओळ दुर्बोध राहत नाही. बोस्टनला २०१३ साली शर्यतीच्या जागी कुकरांत बॉम्ब ठेवले होते. तेथील अंमलदारांनी कुकरांची शिरगणती न करता चित्रफिती पाहून माणसांचा माग काढला व चार दिवसांत संशयित गाठले. यात काही चमत्कार नाही. चित्रफीत पाहावयाची तर चित्र टिपणारे यंत्र चालू असावे लागते, आणि आमच्या मांडवाच्या तोंडाशी खांबावर जे यंत्र आहे ते गेल्या पावसाळ्यापासून दुरुस्तीच्या प्रतीक्षेत आहे.

डबा कोठून आला याचा एवढा खल झाला, मग डब्यातले कोठून आले? विहीर खणणारे आणि खाणीत सुरुंग लावणारे ज्या जिलेटिनच्या कांड्या वापरतात त्या भाजीबाजारात मिळत नाहीत. स्फोटक द्रव्यांविषयीचा कायदा १९०८ पासून आहे; परवानेदाराने साठ्याची नोंदवही ठेवावी व मागताच दाखवावी, हे २००८ च्या नियमांनी बंधनकारक आहे; खतात आणि सुरुंगात सारख्याच उपयोगी पडणारे अमोनियम नायट्रेट २०१२ पासून वेगळ्या नियमांखाली आहे. कागद आहेत, वह्या आहेत, परवाने आहेत. त्या वह्या कोणी उघडल्या? चौकीत रोज पन्नास डबे उघडणाऱ्या खात्याला जिल्ह्यातील मूठभर परवानेदारांच्या नोंदवह्या उघडण्यास मनुष्यबळ अपुरे पडते, असे उत्तर आम्हांस तोंडी मिळाले. लेखी मागितले तेव्हा अर्ज बारनिशीत दाखल करून घेण्यात आला.

आणि ही सारी थट्टा करताना आमच्या डोळ्यांसमोरून जी एक बाई हलत नाही, तिच्याविषयी लिहिताना हा सूर आम्हांस राखता येत नाही. मांडवाच्या कोपऱ्यावर ती चुरमुरे-फुटाणे विकावयास बसत असे. स्फोटाच्या दाबाने देहात सर्वांत आधी फाटतो तो कानाचा पडदा. रक्त फारसे येत नाही, हाड मोडत नाही, माणूस आपल्या पायांनी चालत घरी जातो. तशी ती गेली. दोन्ही कानांनी तिला आता ऐकू येत नाही. मदतीच्या यादीत तिच्या नावापुढे 'किरकोळ' असा शेरा आहे, कारण ती रुग्णालयात रात्रभर राहिली नाही. एका कानाची श्रवणशक्ती कायमची जाणे ही देखील गंभीर दुखापतच, असे १८६० च्या दंडसंहितेने सांगितले होते आणि २०२३ च्या न्यायसंहितेनेही तेच सांगितले आहे. दीडशे वर्षांहून अधिक काळ कायद्याला जे कळते ते मदतीच्या खिडकीला कळत नाही! फेरतपासणीसाठी तिला बोलावणे आले. ती सकाळपासून बाकावर बसून होती. कारकुनाने खिडकीतून तिचे नाव तीनदा पुकारले, ती उठली नाही, तेव्हा त्याने नियमाप्रमाणे 'अर्जदार गैरहजर' असे लिहून प्रकरण निकाली काढले. बहिरेपणाचा दाखला मागण्यास आलेल्या माणसाला हाक मारून बोलावणारी, आणि तो हाकेला ओ देत नाही म्हणून त्याचा अर्ज फेटाळणारी ही व्यवस्था डबे मोजते आहे. निर्लज्जपणालाही काही सीमा असावी.

शेजाऱ्यांनी खटपट करून तिचा अर्ज पुन्हा दाखल करविला आहे आणि येत्या गुरुवारी तिला पुन्हा बोलावले आहे. डबाबंदी खुशाल आणखी पंधरा दिवस वाढवा, तपकिरीच्या डबीचाही काय तो निकाल लावा. फक्त त्या दिवशी खिडकीवर जो कोणी कारकून असेल त्याने नाव पुकारू नये, कागदावर ठळक अक्षरांत लिहून काचेला लावावे. ती बाई चौथीपर्यंत शिकलेली आहे, तिला वाचता येते.