कॅमेऱ्याची कंपनी कशी बदलावी: नवशिक्यांसाठी

आधी आपले फोटो वाईट येतात याची खात्री करून घ्या. ती झाली की दोष कंपनीला द्या. पहाटे उजेडासाठी उठण्यापेक्षा हे सोपं पडतं. निकॉनवाल्यांनी ‘कॅननचे स्किन टोन काय सुरेख!’ असं चारचौघांत म्हणायला सुरुवात करावी. तुम्ही फक्त पक्ष्यांचे फोटो काढत असलात तरी चालेल.

बॉडी विकणं सोपं, खरी अडचण लेन्सची. लेन्स जिथे बसते तो माउंट बहुतेक कंपन्यांचा वेगळा, त्यामुळे बॉडी बदलली की लेन्सही गेल्याच. त्यातही गंमत आहे. निकॉनच्या एफ माउंटपासून सेन्सरचं अंतर ४६.५ मिलिमीटर, कॅननच्या ईएफचं ४४. म्हणून निकॉनची जुनी लेन्स पातळ अडॅप्टर लावून कॅननवर बसते. उलट केलंत तर दूरचा डोंगर काही फोकस होत नाही. म्हणजे पक्षांतराचा दरवाजा एकाच बाजूने उघडतो, तोही अडीच मिलिमीटर.

‘आम्ही निष्ठावंत, आम्ही बदलणार नाही’ म्हणणाऱ्यांनी १९८७ आठवावं. त्या वर्षी कॅननने ईओएस ही नवी कॅमेरा मालिका आणली आणि स्वतःचा एफडी माउंट सोडून दिला. निष्ठावंतांच्या पेटीतल्या लेन्स नव्या बॉडीला लागेनात. काही न बदलता पक्ष बदलल्याचा खर्च त्यांना आला. निकॉनने १९५९चा एफ माउंट जपला, पण २०१८ साली मिररलेससाठी दोघांनीही नवे माउंट काढलेच.

आता हातांना वळण लावा. लेन्स बसवताना निकॉन एका दिशेने फिरते, कॅनन बरोबर उलट. झूमची रिंगही तशीच. हा सराव घरी करा. लग्नात केलात तर अक्षता उडत असताना नवरानवरी जवळ येण्याऐवजी अख्खा मांडव चौकटीत येईल, केटररसकट.

मोठ्यांचे दाखले तोंडपाठ ठेवा. २००७ साली निकॉनचा डी३ आला, तेव्हा कॅननकडे गेलेले कितीतरी क्रीडा छायाचित्रकार परतले. २०२० साली असोसिएटेड प्रेसने जगभरातल्या आपल्या छायाचित्रकारांसाठी सोनी निवडला. मात्र हे दाखले घरी खर्चाची परवानगी मागताना देऊ नका. त्यांच्या कॅमेऱ्याचे पैसे संस्था भरते आणि ऑलिंपिकमध्ये कंपनीच त्यांना लेन्स उसन्या देते.

कॅनन-निकॉन वादात पडायचंच असेल तर एक गोष्ट गुपित ठेवा: १९३६च्या हान्सा कॅननवर निक्कॉर लेन्स होती, निकॉनच्या पूर्वजांनी, म्हणजे निप्पॉन कोगाकूने बनवलेली. निकॉनच्या अनेक डिजिटल कॅमेऱ्यांत सोनीने बनवलेले सेन्सर आहेत, हेही कट्टरांसमोर बोलू नये. जेवणं थांबतात.

जुनं सामान पावसाळ्याआधी विका. मुंबई-कोकणातला गिऱ्हाईक लेन्स हातात घेताच ती दिव्यासमोर धरतो आणि ‘फंगस नाही ना?’ विचारतो. किंमत त्यानंतर.

शेवटी गळ्यातला पट्टा बदला. पिवळ्या अक्षरांत निकॉन आणि हातात कॅनन अशा अवतारात भीमाशंकरला गेलात, तर शेकरू झाडावर राहील आणि चहाच्या टपरीवर तुम्हाला दोन्ही बाजूंना खुलासे देत बसावं लागेल.