उपक्रमभाऊ

सुरतेच्या मराठी वस्तीत उपक्रमभाऊ घरटी नसले, तरी गल्लीआड एक सापडतोच. आमच्या वाट्याचे कामरेजला राहतात. मूळचे भुसावळकडचे. तापी भुसावळवरून उकाईमार्गे कामरेजला येते, भाऊ रेल्वेने आले. पावसाळ्यात दोघांनाही आवरणं कठीण.

भाऊंचं खातं म्हणजे 'गरीब होतकरू मुलं'. थंडीत स्वेटर, उन्हाळ्यात टोप्या, शाळा उघडली की वह्या. फ्लेक्सवर तारीख कधीच नसते. "तारीख टाकली की फ्लेक्स वर्षभरात मरतो," हे भाऊंचं अर्थशास्त्र.

यंदा बांधकाम मजुरांच्या पोरांना समुद्र दाखवायचं ठरलं. डुमस. तेही जुलैत! आम्ही कुरकुर केली, तर म्हणाले, "वांधो नथी. पावसाशी बोलणं झालंय आपलं."

पाऊस शब्दाला जागला नाही. कामरेज चार रस्त्यावरून सुटलेली बस अख्खं सुरत ओलांडून डुमसला टेकली आणि तो धो धो सुरू झाला. समुद्राला उधाण, त्यामुळे पोलिसांनी पाण्याकडे फिरकू दिलं नाही. पोरांना त्याचं काहीच नव्हतं. काळ्या रेतीच्या डबक्यांत ती अशी लोळली की कोण कुणाचं, त्यांच्या आयांनाही सांगता आलं नसतं. कार्यक्रम धोक्यात आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

धोक्यात होता तो फोटो. सुतळीचं एक टोक दातात धरून भाऊ फ्लेक्स बांधायला गेले. वाऱ्याचा झोत आला आणि तो भाऊंभोवतीच गुंडाळला गेला. डुमसला रात्री भुतं फिरतात अशी वदंता आहे. ती दिवसाही फिरतात, एवढं त्या दिवशी मक्याचं कणीस भाजणाऱ्या मावशींना पटलं.

प्रमुख पाहुणे मोटारीतून उतरलेच नाहीत. काच चार बोटं खाली करून वह्या वाटल्या. घरच्या प्रिंटरवर काढून वह्यांवर चिकटवलेला देणगीदारांचा फोटो भिजला आणि त्यांची मिशी ओघळून हनुवटीखाली आली. "दाढी आली ह्यांना," एक पोरगी म्हणाली. पाहुणेच देणगीदार होते. काच वर गेली.

मग भाऊंनी, मुकाट्याने, स्वतःच्या खिशातून सगळ्यांना टमाट्याची भजी घेतली. गरमागरम, आत तिखट हिरवी चटणी असलेली. पोरं तुटून पडली. आम्हीही. भाऊ माणूस म्हणून सोन्यासारखा आहे, असं कुणीतरी म्हणणार, तोच ते दचकून ओरडले, "अरे, फोटो राहिला! खावानुं बंध करो! भजी परत पुड्यात ठेवा, पुडे वर धरा!"

पोरांनी आनंदाने रिकामे, तेलकट कागद वर धरले.

"हसा," भाऊ म्हणाले, "आणि पुडा जड असल्यासारखा धरा."