क्रूझला निघालेल्या जामसंडेकरांसाठी

समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर असताना समुद्र बघायला रजा टाकणं हे येरागबाळ्याचं काम नाही. पुढच्या सूचना क्रमाने पाळा आणि मध्येच विचार करायला थांबू नका.

1. सुरुवात कॅरिबियनच्या स्वप्नापासून करा. तिकडच्या बहुतेक मोठ्या बोटी मायामीसारख्या अमेरिकी बंदरांतून सुटतात, म्हणजे आधी अमेरिकेचा व्हिसा हवा. तो मिळाला तर बोट तुम्हाला कंपनीच्या खासगी किनाऱ्यावर उतरवील. तिथे पांढरी वाळू, माड आणि दोन माडांमध्ये टांगलेली झोळी. माड तुमच्या परसातही आहेत, कबूल. पण त्यांच्याखाली झोपायचे कोणी डॉलर घेत नाही, म्हणून तिथे सुट्टी लागू होत नाही.

2. व्हिसा नाकारला तर खचू नका, कॅरिबियनच इकडे आलं आहे. 1990 साली 'नॉर्डिक एम्प्रेस' नावाने सुरू झालेली रॉयल कॅरिबियनची बोट तिकडे वर्षानुवर्षं राबली आणि 2021 पासून कॉर्डेलियाची 'एम्प्रेस' होऊन मुंबईहून गोव्याकडे जाऊ लागली. मोठ्या भावाची पुस्तकं वापरून जे मॅट्रिक झाले, त्यांना यात कमीपणा वाटायचं कारण नाही.

3. आता मुंबईला जा. हो, उलट दिशेने. बोट देवगडवरूनच दक्षिणेला जाणार, पण थांबणार नाही. तेव्हा आधी उत्तरेला जाऊन मग परत खाली या. कणकवलीहून कोकणकन्या पकडा. तिकीट न मिळाल्यास रस्ता आहेच. 2011 पासून रुंद होत असलेला मुंबई-गोवा महामार्ग बोटीच्या हेलकाव्यांची सवय आगाऊ आणि फुकट लावून देतो.

निघताना आजीला काही सांगू नका. तिच्या काळी भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत पणजीला जायची. बंदराबाहेर ती उभी राहिली की पडाव सुटायचे. चाकरमानी ट्रंक, वळकटी आणि रडणारं पोर घेऊन हलत्या शिडीला लोंबकळायचा, वर पोचला की डेकवर पथारी टाकायचा आणि रात्रभर चांदणं बघायचा. त्याला तेव्हा गरिबी म्हणत. हल्ली त्याच चांदण्यासाठी बाल्कनीची खोली घ्यावी लागते. आजीने बोट लागल्यावर काय करायचं हे सांगायला सुरुवात केली तर ऐकून घ्या. तिचा लिंबाचा उपाय बोटीवरच्या दुकानात मिळणार नाही.

4. खोली निवडताना जाहिरातीतला आकडा मनातून काढून टाका. तो माणशी असतो, आणि खोलीत दोघं आहेत असं धरून असतो. एकटे गेलात तर न आलेल्या माणसाचंही बरंचसं भाडं तुम्हीच भरा. त्याला काय वाटेल याची चिंता नको. वर बंदर शुल्क, जीएसटी, सेवेची बक्षिसी. सगळ्यात स्वस्त खोलीला खिडकीच नसते. समुद्र बघायला निघालेल्याने समुद्र न दिसणारी खोली घेणं हा काटकसरीचा कळस आहे. बाल्कनी परवडत असेल तर जाताना डावी बाजू मागून घ्या, किनारा त्याच बाजूला असतो. दिसेलच याची हमी मात्र नाही, कारण बोटीला खोल पाणी आवडतं आणि कॅसिनोला त्याहून खोल.

5. सामानात सुके बांगडे, सोलकढीची बाटली, आंब्याची पेटी यांतलं काहीही नको. बाहेरचं खाणं चालत नाही. देवगड बंदरातली ताजी सुरमई मागे सोडून आलेल्या माणसाने बुफेत बिनकाट्याच्या बासाचा पांढरा तुकडा पानात घ्यावा, त्यावर लिंबू पिळावं आणि डोळे मिटावेत. गावाला फोन करायचा तर जेवणाआधी करा.

6. रात्री विजयदुर्गाच्या आसपास जागे राहायचा प्रयत्न करा. एकेकाळी आंग्र्यांचं दस्तक नसलेल्या व्यापारी जहाजाला या पाण्यातून सुखाने जाता येत नसे. 2018 साली मुंबई-गोवा मार्गावर आलेल्या बोटीला 'आंग्रिया' हे त्यांचंच नाव दिलं होतं. तीही विजयदुर्गाला न विचारता पुढे जायची. तुमचं गाव याच सुमारास डावीकडून जाईल. तेव्हा बहुधा वरच्या डेकवर डीजे चालू असेल. नाचा, पैसे भरलेत.

7. मुरगावला उतरल्यावर रडू नका. इथून जामसंडे मुंबईपेक्षा पुष्कळ जवळ आहे. पणजीहून कणकवली, तिथून देवगडची एसटी. कंडक्टरने 'खंयसून इलास?' विचारलं तर फक्त 'गोव्यासून' म्हणा. घरी मात्र शेजारी सोडणार नाहीत. 'दर्या बघूक मुंबैक गेल्लंस?' असा प्रश्न येईलच. उत्तर देत बसू नका, फोनमधला बुफेचा फोटो पुढे करा. आणि बासा विचारलाच, तर पापलेट म्हणून सांगा.