संचाधीश नाना

नानांच्या घरी गेलात तर पाण्याचा तांब्या यायच्या आत "हे पाहिलंत का?" असा प्रश्न येतो. त्यावर आपण "नाही" म्हणायचं असतं. चुकून "हो, वाचलंय" म्हणालात तर नानांचा चेहरा पडतो. त्यांनी पाहिलंय का एवढंच विचारलेलं असतं. वाचनाबिचनाच्या गोष्टी काढणारा माणूस त्यांना थोडा आगाऊ वाटतो.

नाना बँकेतून निवृत्त झालेत, त्यामुळे ग्रंथसंग्रहाचा कारभारही खातेवहीच्या शिस्तीत चालतो. दाखल क्रमांक, तारीख, छापील किंमत, प्रत्यक्षात दिलेली किंमत आणि शेवटी 'शेरा' असे रकाने असलेलं एक रजिस्टर आहे. संग्रहाची खाती दोन. पहिलं रहस्यकथा, भयकथा, गूढकथा आणि विज्ञानकथा यांच्या संग्रहांचं; दुसरं 'माहितीपर' पुस्तकांचं. कवितासंग्रह ते घेत नाहीत, कारण त्यात कोरा कागद फार जातो. सामाजिक कादंबरी घेत नाहीत, कारण तिचा संच होत नाही.

संच हा नानांचा प्राण. 'प्रकाशनपूर्व सवलत' ही अक्षरं वर्तमानपत्रात दिसली की ते चष्मा पुसून पुन्हा वाचतात, आणि सहा खंड एकदम घेतल्यास टपालखर्च माफ असेल तर कात्रीच मागवतात. लेखक कोण, विषय काय, हे संच घरी आल्यावर बघायचं. एकदा फळबागांवरच्या पुस्तकांचा संच आला होता. नाना तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि बाल्कनीत तुळससुद्धा धड जगत नाही. पण पाचवा खंड मागे राहिला होता, त्यासाठी त्यांनी प्रकाशकाला तीन पत्रं लिहिली.

कथासंग्रहांचं दुखणं निराळं. आपल्याकडे एकच गूढकथा आधी दिवाळी अंकात येते, मग लेखकाच्या संग्रहात, मग 'निवडक'मध्ये, मग कुणीतरी संपादित केलेल्या 'गाजलेल्या' कथांमध्ये. नानांकडे अशी एक कथा चार ठिकाणी आहे. मी हे दाखवून दिलं तेव्हा ते अजिबात डगमगले नाहीत. "हिचा टाइप मोठा आहे, हिला प्रस्तावना आहे, ही पुठ्ठाबांधणी आहे." चौथीचं कारण सुचेना तेव्हा म्हणाले, "आणि ही सवलतीत मिळाली." नारायण धारपांची पुस्तकं नव्या मुखपृष्ठांनी पुन्हा बाजारात आली तेव्हा त्यांनी जुन्या प्रती ठेवून नव्याही घेतल्या. धारपांची 'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वरून बेतलेली आहे असं कुणीतरी सांगितलं, तर संध्याकाळी तेही घेऊन आले. आता दोन्ही शेजारी शेजारी उभी आहेत आणि दोन्हींतली भुतं निवांत आहेत, कारण त्यांना अजून कुणी उठवलेलं नाही.

जुन्या पॉकेटबुकांच्या बाबतीत मात्र मी नानांची थट्टा करत नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, गुरुनाथ नाईकांनी बाराशेच्या वर. या पुस्तकांवर गल्लीगल्लीतली वाचनालयं जगली. झुंजार आणि काळापहाड यांच्यासाठी लोक नंबर लावत. समीक्षकांनी मात्र त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, आणि वाचनालयं बंद पडली तेव्हा ती थेट रद्दीच्या काट्यावर गेली. तिथून ती उचलून आणणारी नानांसारखी चार माणसं नसती तर लाखो वाचकांनी नेमकं काय वाचलं याचा पुरावाच राहिला नसता. नानांना हे असं सांगितलं की ते अवघडतात. त्यांचा आनंद साधा आहे. हजार अधिक बाराशे म्हणजे हा संच या जन्मी पुरा व्हायचा नाही, म्हणजेच शोधायला जायचं कारण कधी संपायचं नाही.

या प्रतींची अवस्था काय वर्णावी! वाचनालयाची जाड बांधणी, सतराव्या पानावर जांभळा शिक्का, कोपरे थुंकी लावून उलटलेले. एका प्रतीचा शेवटचा फर्माच नाही, म्हणजे सोळा पानं आणि त्यांच्यासोबत खुनी गायब. पण नानांच्या रजिस्टरात तिच्यापुढे 'अतिदुर्मिळ' असा शेरा आहे. दुसऱ्या एका प्रतीत कुणा परोपकारी सभासदाने पहिल्याच पानावर पेन्सिलीने 'खुनी मामा आहे' असं लिहून ठेवलंय. नाना म्हणतात, बरं झालं, एक वाचायचं कमी झालं.

माहितीपर खात्यात गेलं की नानांच्या ज्ञानाचा आवाका कळतो. त्यांना जगातल्या प्रत्येक गोष्टीची सुरुवात ठाऊक आहे. गिरीश कुबेरांचं 'हा तेल नावाचा इतिहास आहे' घेतल्यापासून ते तेलावर बोलतात, पण १८५९ साली पेनसिल्व्हेनियात ड्रेकच्या विहिरीला तेल लागलं, इथवरच. पुढे त्या तेलाचं जगात काय झालं हे त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही. अच्युत गोडबोल्यांचं 'किमयागार' त्यांनी मनापासून उघडलं होतं. खूण दुसऱ्या प्रकरणात आहे, आणि ती खूण म्हणजे त्या वेळचं वीजबिल. वि. स. वाळिंब्यांच्या 'वॉर्सा ते हिरोशिमा'मध्ये तर ते वॉर्सातच उतरले. वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर'च्या तीन प्रती आहेत, पण त्यातली एकही विकत घेतलेली नाही. दहावी पास झालेल्या मराठी मुलाला कार्व्हर चुकत नाही, आणि नानांना मुलं तीन.

पाहुण्यांसाठी त्यांची एक हुकमी गोष्ट आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी फिरवली, वर अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली, आणि पहिलं बक्षीस मिळवलं! नाना हे इतकं रंगवून सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, पाकीट यांनीच टपालात टाकलं असणार. परवा एका पाहुण्यांच्या नातवाने विचारलं, "आजोबा, पण कथेत काय होतं?" नाना क्षणभर थांबले. मग म्हणाले, "कृष्णविवर."

वाचायचं कधी, यावर नानांची उत्तरं काळानुसार बदलत आली आहेत. आधी निवृत्तीनंतर वाचणार होते. मग मोतीबिंदू काढल्यावर. सध्या खुर्चीची उंची जमत नाहीये. तोवर संमेलनाला जाताना रिकामी ट्रॉलीबॅग न्यायची, अप्पा बळवंत चौकात "दहा टक्के काय, तेवढे सगळेच देतात" म्हणून हुज्जत घालायची, पलंगाच्या खणात, माळ्यावर, धुलाईयंत्रावर जागा काढायची, आणि पावसाळ्यात कसर लागू नये म्हणून पानापानांत कडुनिंबाचा पाला घालून बसायचं. एवढ्यात दिवस जातो.

अलीकडे नाना एका प्रकरणाच्या मागे आहेत. रत्नाकर मतकरी, धारप, लक्ष्मण लोंढे यांच्या पुस्तकांत मधल्या पानांवर पिवळे डाग सापडू लागलेत. आधी त्यांनी दोष जुन्या मालकावर टाकला. पण मग दुकानातून कोऱ्या घेतलेल्या प्रतींतही ते निघाले. संशयितांची यादी झाली. माझ्यावर आळ आला, जावयावर आला, कपाट करणाऱ्या सुतारावरही आला. नानांनी भिंग आणलं आणि मला साक्षीदार म्हणून बोलावलं.

"हे बघा," ते म्हणाले, "अंगठा. आणि जिथे कथा रंगात येते, नेमका तिथेच."

स्वयंपाकघरातून काकू चहा घेऊन आल्या. भिंगाकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं. "यातली शेवटची बरी नाही," त्या म्हणाल्या, "तो डॉक्टर मेलेला आहे हे तिसऱ्या पानावरच कळतं. त्यापेक्षा माळ्यावरची ती निळी चांगली आहे. तिचा दुसरा भाग मिळतो का बघा बाई कुठे, माझं दुपारचं अडलंय."

नानांनी मान डोलावली, पेन उघडलं आणि रजिस्टरात आधी 'निळी, भाग दोन, शोधणे' अशी नोंद केली. मग त्याखाली शेरा लिहिला: 'डाग हळदीचा. इसम अज्ञात. तपास चालू.'