रिमोटराव

नवी गाडी घेणाऱ्याला रिमोटचं काही वाटत नाही. गाडीबरोबर आला, खिशात टाकला, संपलं. रिमोटचं खरं कौतुक बघायचं तर जुन्या गाडीला तो मागाहून बसवून घेणारा गाठावा. हा गृहस्थ पुण्यात सापडतो, सोलापुरातही सापडतो; पण त्याचा अस्सल नमुना मला भेटला तो ओरत्तनाडुला, तंजावरहून पट्टुक्कोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर. नात्याने ते माझे चुलत सासरे. तिकडच्या मराठी घरांत नावापुढे ‘राव’ लागतोच, त्यामुळे घरातल्या पोरांना त्यांचं ‘रिमोटराव’ करायला फार डोकं चालवावं लागलं नाही.

गाडी मारुती ८००. रंग पांढरा, असं आरसी बुकात लिहिलेलं आहे. १९८३ च्या डिसेंबरात पहिल्या मारुती ८०० ची किल्ली इंदिरा गांधींनी हरपाल सिंग यांच्या हातात दिली, ही हकिगत रिमोटराव गाडी स्वतःच्याच घरी आल्यासारखी सांगतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘गजा’ वादळाने या भागातल्या नारळाच्या बागा आडव्या केल्या, पण रिमोटरावांच्या गाडीवर झावळीसुद्धा पडली नाही. तेव्हापासून गाडीला दैवी संरक्षण आहे याबद्दल त्यांच्या मनात शंका नाही. मग देव राखतो त्या गाडीला वरून कुलूप कशाला, असं काकूंनी एकदा विचारलं होतं. “देवाला एक गाडी आहे का सांभाळायला?” असं उत्तर मिळालं.

बरं, गाडीत राखण्यासारखं काय? डॅशबोर्डवर चिकटवलेला पिळ्ळैयार (म्हणजे आपला गणपती), पुसायचं फडकं आणि नारळाची रिकामी पोती. पण मुद्दा चोराचा नव्हताच. शेजारच्या गल्लीतल्या एकाने नवी गाडी घेतली होती. रोज संध्याकाळी तो घराच्या पायरीवरून मागे न बघता हात मागे करायचा आणि गाडी पाठीमागे ‘पीक पीक’ करायची. रिमोटरावांच्या जिवाला लागलं ते त्याचं मागे न बघणं.

मग तंजावरहून रिमोटचं किट आलं. चार दरवाजांच्या चार मोटरी, एक काळी डबी, वायरींचा गुंता आणि दोन रिमोट. बसवायला आला तो वायरिंगवाला पोरगा विशीतला. रिमोटराव त्याच्या डोक्याशी स्टूल टाकून बसले. दरवाजाचं पॅड निघताना आतल्या प्लॅस्टिकच्या क्लिपा पटापट तुटत होत्या आणि प्रत्येक क्लिपेला रिमोटराव “अय्यय्यो तंबी!” म्हणत होते. पॅडच्या मागे पाणी अडवायला लावलेला प्लॅस्टिकचा कागद निघाला आणि त्याच्या आत, दरवाजाच्या तळाशी, बरीच वर्षं हरवलेला काकूंचा कंगवा. इतका वेळ लांबून बघणाऱ्या काकू तेवढ्यासाठी पुढे आल्या, कंगवा घेतला आणि परत गेल्या.

काम तसं सोपं असतं. दरवाजाच्या आत लॉकची एक सळई असते. तिच्या शेजारी मोटर बसवायची, मोटरीची काडी चिमट्याने त्या सळईला आवळायची, की मोटर ओढेल तशी सळई हलते. काच खाली आली की मोटरीवर आपटू नये एवढं बघायचं. ड्रायव्हरच्या दरवाजाची मोटर मास्टर, तिला पाच वायरी: दोन मोटरीच्या, बाकीच्या तिन्हींनी कुलूप लागलं की उघडलं ही बातमी डबीला पोचवायची. उरलेल्या तिघींना दोनच वायरी, कारण त्यांनी सांगायचं काही नाही, ऐकायचं फक्त. ही रचना पोराने समजावल्यावर रिमोटराव फार प्रसन्न झाले. एकत्र कुटुंबाचं असं सुटसुटीत वर्णन त्यांनी पूर्वी ऐकलं नव्हतं.

पण त्या दोन वायरी उलट लागल्या की मोटर उलटी चालते. मागच्या डाव्या दाराला नेमकं तेच झालं. बटण दाबलं की तीन दारं ‘खट्’ करून बंद आणि चौथं उघडं. परत दाबलं की तीन उघडी, चौथं बंद. आणि चौथी जागा काकूंची. पोरगा म्हणाला, दोन मिनिटांत वायरी बदलतो. तर काकू म्हणाल्या, “राहू दे रे तंबी. घरात एक तरी दार त्यांचं ऐकत नाही, बरं वाटतं.” शेवटी वायरी बदलल्या, पण सांडगे वाळत घातले होते त्यांच्याकडे बघायला काकू गच्चीवर गेल्या तेव्हा.

डिकी मात्र या क्रांतीतून सुटली. किटमध्ये पाचवी मोटर नव्हती. त्यामुळे चार दरवाजे एकविसाव्या शतकात आणि डिकी अजून किल्लीवर.

त्यानंतरचे रिमोटराव हे बघण्यासारखं प्रकरण आहे. बटण दाबलं की इंडिकेटर चमकतात, भोंगा वाजतो. ते मागे न बघता पायऱ्या चढतात. मग थांबतात. मग परत येऊन चारही दरवाजांची हँडलं ओढून बघतात, प्रदक्षिणा घालून, डावीकडून उजवीकडे. शेवटी डिकी. मग दिव्यांनी खोटं सांगितलं नाही ना म्हणून पुन्हा एकदा दाबतात, त्याने कुलूप उघडतं, म्हणून आणखी एकदा दाबतात. किल्लीच्या काळात हे काम एका चक्करीत व्हायचं.

उघडण्याची तऱ्हा वेगळी. कुलूप उघडल्यावर अर्ध्या मिनिटात कोणी दार उघडलं नाही, तर खिशात चुकून बटण दाबलं गेलं असं समजून डबी आपण होऊन गाडी पुन्हा बंद करते. रिमोटराव तिण्णैवर, म्हणजे ओसरीवर, बसूनच बटण दाबतात, कारण लांबून दाबण्यातच तर त्याचं सार्थक. मग उठतात, उपरणं सावरतात, वहाणा शोधतात, समोरून जाणाऱ्याची विचारपूस करतात आणि गाडीशी पोचून हँडलला हात घालतात तोवर ‘खट्’. ते पुन्हा बटण दाबतात. बघणाऱ्याला वाटावं, गाडी आणि ते एकमेकांना “आधी आपण” म्हणताहेत.

रेंज हा त्यांचा नाजूक विषय. खोक्यावर छापलेलं अंतर आणि ओरत्तनाडुच्या बाजारातलं अंतर यांचा मेळ बसत नाही. रिमोट हनुवटीला टेकवून दाबला तर लहरी जास्त लांब जातात, असं त्यांना कोणी तरी सांगितलं. ते खरंही आहे. डोक्यातल्या पाण्याचा लहरींना हातभार लागतो. तेव्हापासून भर बाजारात हनुवटीला रिमोट लावून ते दूरच्या मारुतीकडे टक लावून उभे असलेले दिसतात. लोकांना वाटतं, दाढ दुखते आहे. फ्रान्समध्ये रेनॉच्या फ्युएगो गाडीला १९८२ साली असा रिमोट लागला, तेव्हा तिकडेही लोक हनुवटीला लावत असतील का, हे त्यांनी मला विचारलं होतं. मी म्हटलं, त्यांची डोकी कशी असतात कुणास ठाऊक.

आता भोंग्याबद्दल. किटवाल्याने फुकट म्हणून धक्क्याने वाजणारा सेन्सरही गळ्यात मारला होता. ओरत्तनाडु हे गुरांचं गाव. गुरांचे डॉक्टर घडवणारं सरकारी कॉलेजही इथेच आहे. रात्री एखाद्या म्हशीला पाठ खाजवावीशी वाटली की तिला मारुतीचा मागचा कोपरा बरोबर उंचीचा सापडतो. मग भोंगा. याच गावात तंजावरच्या सर्फोजी राजांनी आपल्या प्रेयसी मुक्तांबाळच्या नावाने छत्र, म्हणजे वाटसरूंसाठी धर्मशाळा, बांधलं. राजांनी १८०१ मध्ये इंग्रजांना लिहिलेल्या पत्रात छत्रांची व्यवस्था सांगितली आहे: ब्राह्मणापासून परियापर्यंत जो वाटसरू येईल त्याला जेवण, आणि मध्यरात्री घंटा वाजवून, न जेवलेल्यांनाही बोलावून वाढायचं. दोनशे वर्षांनी त्या गावाला मध्यरात्री उठवायचं काम रिमोटरावांनी हाती घेतलं आहे. जेवणाचं तेवढं नाही. गल्लीतले लोक खिडक्या उघडून विचारतात, “रावसार, कळ्ळन?” चोर नाही, म्हैस आहे, असं ते लुंगी सावरत ओरडून सांगतात. आणि भोंगा बंद झाल्यावर, मी शपथेवर सांगतो, त्यांच्या चेहऱ्यावर समाधान असतं. चोर आला असता तर इतकंच वाजलं असतं, याची खात्री पटलेली असते.

गेल्या खेपेला मी गेलो तर गाडी बंद. लग्नकार्यापुरती बाहेर निघणारी गाडी; काळी डबी रात्रंदिवस थोडा थोडा करंट पीत बसते आणि जुनी बॅटरी किती पुरणार? बॅटरी उतरली की रिमोट नुसता खुळखुळा. रिमोटराव किल्लीने दार उघडत होते, तेही मान खाली घालून, इकडेतिकडे बघत. मी डबरा-टंबलरमधली कॉफी घेत तिण्णैवर बसलो होतो. “माप्पिळै,” म्हणजे जावईबापू, ते मला म्हणाले, “किल्ली ही फक्त अडचणीसाठी.”

“आणि दुसरा रिमोट?” मी विचारलं. किटमध्ये दोन होते.

दुसरा त्यांनी अजून पिशवीतूनही काढलेला नाही. वापरून खराब होईल. तो लोखंडी कपाटात, आतल्या लॉकरमध्ये, दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवला आहे. पहिलाही आता रात्री तिथेच जातो, कारण उशाशी ठेवला तर झोपेत दाबला जातो. कपाटाची किल्ली काकूंच्या कमरेला. म्हणून रात्री-अपरात्री म्हशीने गाडी वाजवली की रिमोटराव आधी काकूंना उठवतात, काकू किल्ली काढतात, कपाट उघडतं, लॉकर उघडतो, आणि तोवर म्हैस पाठ खाजवून निघून गेलेली असते.