खुर्ची रिकामी कशी करावी? (नवशिक्यांसाठी)

शाळेत आपण सगळ्यांनी ‘फरक स्पष्ट करा’ लिहिलेलं आहे. मध्ये रेघ, डावीकडे हुकूमशाही, उजवीकडे लोकशाही, चार मुद्दे, चार गुण. त्या चारही मुद्द्यांत खुर्चीवर कोण बसतं आणि कसं बसतं, एवढीच चर्चा. बसणं काही फार अवघड नाही. एसटीत खिडकीतून रुमाल टाकूनही जागा धरता येते. अवघड असतं ते बसलेल्याला उठवणं, आणि त्याबद्दल नागरिकशास्त्राच्या पुस्तकात कुठे धडा असल्याचं आठवत नाही. म्हणून ही मार्गदर्शिका. पूर्वानुभवाची गरज नाही.

साहित्य : खुर्ची एक. तीवर बसलेला माणूस एक. तो उठावा असं वाटणारी माणसं, आवडीनुसार. संयम भरपूर.

सुरुवात राजेशाहीपासून करू, कारण तिच्यात करायचं काहीच नसतं. थांबायचं. इथे खुर्चीला गादी म्हणतात, आणि गादीवर माणूस टेकला की तो आडवा झाल्याशिवाय ती सुटत नाही. घाई असलेल्यांसाठी गारद्यांची कृती उपलब्ध आहे. ती शनिवारवाड्यात १७७३ साली करून झाली. पेशवे नारायणराव गेले आणि त्यांचे काका बसले, पण पुढच्याच वर्षी बारभाईंनी काकांच्या हातून कारभार काढून घेतला. नवशिक्यांनी या वाटेला जाऊ नये.

कधी कधी मात्र राजाच उठतो, आणि मग लोकांचीच पंचाईत होते. भूतानचे चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक २००६ च्या डिसेंबरात वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मुलाच्या हाती गादी देऊन बाजूला झाले. जाताना देशाला लोकशाहीची वाट आखून गेले. लोकांना मतदानाची सवय नव्हती, म्हणून २००७ मध्ये सरकारने निवडणुकीची चक्क रंगीत तालीम घेतली. रंगीत अक्षरशः. निळा, हिरवा, तांबडा आणि पिवळा असे चार लुटुपुटीचे पक्ष, प्रत्येकाला एकेक जाहीरनामा. पिवळ्याचा जाहीरनामा परंपरा जपण्याचा होता, आणि पिवळा हा तिथे राजाचा रंग. शेवटच्या फेरीत सत्तेचाळीस मतदारसंघांपैकी शेहेचाळीस पिवळ्याने जिंकले. राजा उठून दाराशी गेला होता आणि लोक त्याची शाल धरून म्हणत होते, बसा हो. खरी निवडणूक २००८ मध्ये झाली, तीही एकाच पक्षाने पंचेचाळीस जागा घेऊन जिंकली. गंमत पुढे आहे. पाच वर्षांनी त्याच लोकांनी त्या पक्षाला पाडलं. उठवण्याची कृती अशी एका निवडणुकीत येत नाही, हात बसावा लागतो. (आपल्याकडे औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्येच गांधीजींच्या सल्ल्याने संस्थानाचा कारभार रयतेच्या हाती दिला होता. त्याची आठवण आपण भूतानइतकीही काढत नाही.)

आता हुकूमशाही. इथे खुर्चीला चाकं नसतात आणि खोलीला दार नसतं. उत्तम नमुना पोर्तुगालचे सालाझार. पेशाने अर्थशास्त्राचे प्राध्यापक. १९३२ साली पंतप्रधान झाले ते छत्तीस वर्षं उठले नाहीत. आपला त्यांच्याशी संबंध गोव्यामुळे. १९६१ च्या डिसेंबरात भारतीय सैन्य गोव्यात शिरलं, तेव्हा त्यांचा गव्हर्नर जनरलना लिस्बनहून हुकूम होता की मरेपर्यंत लढा. गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्वा यांनी समोर काय वाढून ठेवलंय ते पाहिलं आणि १९ तारखेला शरणागतीवर सही केली. माणसं वाचवल्याबद्दल त्यांना सैन्यातून बडतर्फ करण्यात आलं. हुकूमशाहीत हे लक्षात ठेवावं : चूक वरच्याची असली तरी उठावं खालच्याला लागतं.

सालाझारना कोणी उठवलं? कोणीच नाही. सांगतात असं, की १९६८ च्या ऑगस्टमध्ये ते आरामखुर्चीत बसायला गेले आणि खुर्चीसकट कोसळले. तुरुंगातल्या एवढ्या विरोधकांना जे साधलं नाही ते कापडाच्या खुर्चीने केलं. डोक्याला मार लागला, शस्त्रक्रिया झाली, मग झटका आला. सप्टेंबरात मार्सेलु कायतानु नवे पंतप्रधान झाले. पण म्हातारा वाचला. शुद्धीवर आला. आणि त्याला सांगायचं कोणी? कोणाचीच छाती होईना. मग मंत्री भेटायला येत, जणू काही झालंच नाही अशा थाटात राज्यकारभाराच्या गोष्टी करत, आणि आपणच देश चालवतोय या समजुतीत तो १९७० च्या जुलैमध्ये गेला. हुकूमशाहीचं याहून नेमकं चित्र मला तरी ठाऊक नाही. खुर्ची गेली, तरी ती गेली हे सांगायची भीती शिल्लक!

आता त्याच गोव्यात त्या शरणागतीनंतर पाच वर्षांनी काय झालं ते पाहा, म्हणजे वहीतली ती उभी रेघ नीट दिसेल. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित ठेवायचा, यावर लोकांचा कौल घ्यायचं ठरलं. मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर आणि त्यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्ष पक्के विलीनीकरणवादी. विरोधक म्हणाले, तुम्ही खुर्चीवर असताना कौल निःपक्ष कसा होणार? आधी उठा. आणि भाऊसाहेब उठले. १९६६ च्या डिसेंबरात त्यांनी राजीनामा दिला, राष्ट्रपती राजवट आली, आणि १६ जानेवारी १९६७ ला लोकांच्या हातात मतपत्रिका पडली. विलीनीकरण हवं तर फूल, नको तर दोन पानं. पोर्तुगीजांनी साडेचारशे वर्षांत ‘तुम्हाला काय हवंय’ हे विचारलं नव्हतं. इथे फुलापानांत विचारलं. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. पुण्यामुंबईत हा निकाल पचायला जड गेला. काहींना अजून ढेकर यायचा आहे.

म्हणजे भाऊसाहेब संपले? नवशिक्या इथे हमखास चुकतो. मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली. तीसपैकी सोळा जागा मगो पक्षाला, आणि भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री. तुमचं विलीनीकरण नको, पण तुम्ही हवे, असं त्याच गोवेकरांनी जेमतेम अडीच महिन्यांच्या अंतराने सांगितलं. माणूस एकीकडे आणि त्याचं म्हणणं दुसरीकडे असं वेगळं काढता येणं, हे दुसऱ्या कुठल्या पद्धतीत जमतं? राजाचं म्हणणं नाकारलं तर तो राजद्रोह, आणि सालाझारचं नाकारलं तर बडतर्फी. तिकडे पोर्तुगालने मात्र गोवा गेल्याचं मान्य केलं ते १९७४ च्या क्रांतीनंतर.

खबरदारी. लोकशाहीची ही कृती खुर्ची रिकामी करून देते, पुढे तिच्यावर बरा माणूस बसेल याची हमी देत नाही. पुरवठादाराकडे तक्रार करू नये, कारण पुरवठादार आपणच. शिवाय घरी थोडा सराव हवा. त्यासाठी सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा उत्तम.

आमच्या सोसायटीचं उदाहरण घ्या. सभेची वेळ सकाळी दहा, स्थळ पार्किंग. दहा वाजता सात माणसं. गणपूर्ती नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हे सगळ्यांना पाठ असल्याने खरी सभा साडेदहालाच असते. मग नऊ माणसं आणि एक चहाची किटली. सेक्रेटरी काका निवृत्त बँकवाले. गेली नऊ वर्षं तेच. पाण्याची टाकी, लिफ्टचा करार, थकबाकीदारांची यादी, सगळं त्यांच्या एका तपकिरी रेक्झिनच्या पिशवीत. ही मार्गदर्शिका लिहिताना मी गृहीत धरलं होतं की बसलेल्याला उठायचं नसतं आणि लोकांना त्याला उठवायचं असतं. काकांच्या बाबतीत सगळं उलटंच निघालं. त्यांनी तीनदा राजीनामा दिला, तिन्ही वेळा तो टाळ्यांच्या गजरात एकमताने नामंजूर झाला. दुसरं नाव सुचवा म्हटलं की नऊच्या नऊ माणसं किटलीकडे पाहतात. वर्षभर व्हॉट्सॲपवर त्यांची हुकूमशाही चालल्याची तक्रार करणारे तर त्या दिवशी गावालाच गेलेले असतात. सभा संपली की काका स्वतःच प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून जिन्याखाली ठेवतात.

या लेखाची एक प्रत त्यांना द्यावी असं मनात होतं. पण वाचून झाल्यावर ते चष्मा वर करून विचारतील, ‘छान आहे. मग यंदा तुम्ही बसता का?’ म्हणून अजून दिलेली नाही.